चैतीची पावडर

चैतीच्या हातात हंडा दिसला की समोरच्याने मुकाट वाट सोडावी, हे करवंदपाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोखाड्याच्या अंगाचा हा डोंगरातला पाडा. दारोदार सरकारी नळ बसलेत, पाणी तेवढं यायचं राहिलंय. तोवर लोक नळाला शेळ्या बांधतात. उन्हाळ्यात टँकर येतो, पाड्याच्या विहिरीत पाणी ओततो, आणि त्या पाण्यावरून बायकांची डोकी फुटतात. त्यातली निम्मी चैतीने फोडली असतील, खोटं कशाला बोला.

सासूशी तर तिचं उभं वैर. सकूने एकदा मुसळ फेकून मारलं, चैतीने तेच उचलून उलट फेकलं, आणि दोघी एकाच जीपने टाके घालून आल्या. पुढे एका उन्हाळ्यात सकू ओढ्याकाठच्या डवऱ्याचं पाणी प्यायली. डवरा म्हणजे वाळूत हाताने उकरलेला खड्डा. पाणी थंड, गोड. पण वरच्या अंगाला गुरं बसतात. म्हातारीला झाडा-उलटी लागली. जव्हारच्या दवाखान्याकडे जीप निघाली तेव्हा तिचं डोकं चैतीच्या मांडीवर होतं आणि तोंडात चैतीलाच शिव्या होत्या. घाट चढता चढता शिव्या थांबल्या. चैती तिला गदागदा हलवून म्हणत होती, "दे ना गं शिवी, दे ना." डायवरने जीप बाजूला घेऊन थांबवली.

त्यानंतर ग्रामपंचायतीला जलसुरक्षक नेमायचा होता. काम काय, तर टँकरचं पाणी पडलं की विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची आणि महिन्याला बाटलीभर पाणी तपासायला पाठवायचं. बाईमाणूस नको, असं कोणी म्हणायच्या आत चैती उठून उभी राहिली. तिला पाहून बाकीचे खाली बसले.

तिने पाणी राखलं ते तिच्या रीतीने. डवऱ्यावर कोणी हंडा घेऊन दिसलं की लांबून धोंडा. एकदा तिने जिवाचा नवाकोरा हंडा पहारीने चेचला. असलं पाणी-व्यवस्थापन कुठल्या शासन निर्णयात नसेल, पण पाड्यातली झाडा-उलटी थांबली एवढं खरं.

हा जिवा म्हणजे शेजारच्या भागीचा नवरा. भागी चैतीला तोडीस तोड. विहिरीत तिच्या सासऱ्याने सोडलेले मासे होते. मासे हिंडतात तोवर पाणी जितं, अशी पाड्याची समजूत. भागी त्यांना रोज चिमूटभर भात टाकायची. चैतीच्या पावडरीचा वास तिला मुळीच खपत नसे.

यंदा वैशाखात विहिरीवर नंबरावरून दोघींची जुंपली. भागीने चैतीच्या झिंज्या उपटल्या, चैतीने तिच्या दंडाला चावा घेतला आणि सगळ्या पाड्यासमोर बोलून बसली, "तुला घोटभर पानी मिलू देनार नाय, बघच."

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर निघाल्याचा निरोप आला. चैतीची एक पद्धत होती. ती टँकरच्या मापाने पावडर बादलीत कालवून आधीच विहिरीत ओतायची. वरून पाण्याची धार पडली की आपोआप ढवळून निघतं. तशी तिने ओतली. विहिरीत पाणी होतं गुडघाभर. आणि टँकर स्प्रिंगचा पाटा तुटून घाटातच बसला.

दुपारी मासे पोटं वर करून तरंगत होते.

भागी विहिरीवर आली. काठावरून खाली बघत हळूच म्हणाली, "इख घातला हिना." मग काय, कालचं बोलणं सगळ्यांच्या कानात होतंच. जिवाने चैतीच्या अंगावर बांबू घातला. ती वळली, त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली पाडला, तेवढ्यात मागून दुसरा बसला. मग तिसरा. बायकाही मागे नव्हत्या; ज्यांची ज्यांची डोकी तिने फोडली होती त्या सगळ्यांनी हात धुऊन घेतले. तिचा डावा हात कोपराखाली कडकन मोडला तो आवाज सर्वांनी ऐकला. तेव्हा कुठे मारणारे थांबले.

"इख नाय," चैती मातीतून म्हणाली. "पावडर जास्त झाली. टँकर नाय आला."

"मंग पी," भागी म्हणाली.

भागीने तांब्या भरून पुढे धरला. चैतीने तो एका दमात रिकामा केला. घसा सोलून निघाला, पोटात आग पडली. आता आपण ओकलो तर ही माणसं जन्मात या विहिरीला तोंड लावायची नाहीत, हे तिला लख्ख कळत होतं. ती दात आवळून बसून राहिली. भागी समोरच उकिडवी, तिच्या तोंडाकडे बघत. उन्हं कलली तशी गर्दी पांगली, शेवटी भागीही गेली. मग चैती झाडाआड जाऊन भडभडा ओकली.

एवढं करून उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी टँकर आला, विहीर भरली, पण एकही पोहरा आत पडला नाही. सारा पाडा डवऱ्यावर. हात फडक्यात बांधून चैती घरोघर सांगत फिरली, दारं लागली. तिसऱ्या दिवशी भागीची नात प्रतीक्षा पोट दाबून कुडाच्या आडोशाला बसलेली तिला दिसली. पोरीचे डोळे आत गेले होते. अगदी सकूसारखे.

चैती घरी गेली. पावडरीचं सगळं पिंप एका हाताने डोक्यावर घेतलं, आणि भर गर्दीत डवऱ्यात पालथं केलं. पाणी पांढरं झालं, वासाने बायका मागे हटल्या.

"त्या दिवशी नव्हता घातला," ती म्हणाली. "आज घातला. मारा आता."

धोंडा भागीनेच मारला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, तरी चैती डवऱ्याच्या तोंडावरून हलली नाही. दुसरा धोंडा भागीच्या हातातच राहिला. प्रतीक्षा आजीचं लुगडं ओढून पाणी मागत होती. भागीने धोंडा टाकला, पोरीला उचललं आणि विहिरीची वाट धरली. पहिला पोहरा तिनेच सोडला. पोर वाचली.

चैतीचा हात वाकडाच जुळला. कपाळावर खोक आहे. भागी काही माफी मागायला आली नाही. पाऊस तोंडावर आला तेव्हा मात्र एका सकाळी ती फडक्याने तोंड बांधलेलं मडकं घेऊन दारात उभी राहिली. मडक्यात मासे होते.

"दाभोशाला गेलते," ती म्हणाली. "तुझ्या माहेरच्या नदीतले हायेत. पावडर कवा टाकनार?"

"आज."

"मंग परवा सोडते."

ती पाठ फिरवून चालू लागली. अंगणाच्या कडेला थांबून तिने चैतीला एक सणसणीत, आईबापाचा उद्धार करणारी शिवी हासडली. चैती दाराशी उभी राहून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.