ओल्या बकऱ्याचा वास

देवगाव फाट्यावर आमची जीप थांबली आणि कुणीतरी जत्रेसाठी आंघोळ घातलेलं बकरं मागे चढवलं. त्या वासासरशी मी मांडीवरचा पत्रकांचा गठ्ठा घट्ट धरला. ‘देव बळी मागत नाही’ हे त्यावरचं वाक्य माझंच आहे.

लहानपणी याच जत्रेला आत्याच्या नवसाचं बकरं घेऊन आम्ही पिंगळीहून आलो होतो. वाटभर ते माझ्या फ्रॉकचा बंद चघळत होतं. देवळापुढे त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. त्यानं अंग झटकलं की देवाला पसंत पडलं, मग सुरी. पण ते हलेना. मी त्याच्या मानेला मिठी मारली.

“सोड गं, देव बघायलाय,” आत्या म्हणाली.

“पाणी लय गार हाय आत्या, धरू दे.”

“हिचाच नवस हाय वाटतं!” कुणीतरी हसलं.

गार पाणी माझ्या बाह्यांत उतरत होतं. ‘झटकू नको,’ मी त्याच्या कानात सांगत राहिले. तेवढ्यात मिठीत थरकाप उठला.

“झटकलं!” सगळे ओरडले आणि मला बाजूला ओढलं.

आज मी ठणकावून लिहिते. पण त्या मिठीत थरथरलं ते बकरं होतं की मी, हे कुठल्याच पत्रकात मला लिहिता आलेलं नाही.