अंगात आलं म्हणे

तेलगावला चुलतबहिणीच्या हळदीत माझ्या अंगात देवी आली, असं आमचे नातेवाईक अजूनही भक्तिभावानं सांगतात. सांगोत बापडे. देवीबिवी कोणी आलं नव्हतं. मला ऑटिझम आहे, आणि मांडवात माझ्यापासून चार हातांवर डीजे होता.

सकाळपासून मी काकूला तीनदा म्हणाले, आवाज कमी करायला सांग. "कावून? तुला एकटीलाच कान हायेत का?" काकू म्हणाली आणि बायका खदाखदा हसल्या. आमच्याकडच्या विनोदाची धाव एवढीच. मग आईला म्हणाले, मला बाहेर नेऊन बसव. "लोक काय म्हन्तील? गप बस जराशी." डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. तिनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

मग व्हायचं ते झालं. लोकांना वाटतं, हिला राग आला. रागात निदान कुणाचा राग आलाय हे तरी कळतं. इथं सगळं एकदम अंगावर येतं. ठोका दातांत वाजतो, जरीचा काठ मान सोलतो, हळदीचा वास घशात अडकतो आणि यातलं काहीच मागं सारता येत नाही. शब्द सगळ्यात आधी जातात. काय सांगायचं ते माहीत असतं, पण तोंड ऐकत नाही. हात आपोआप कपाळ बडवायला लागतात, कारण तेवढा एकच मार आपल्या हातचा असतो. मी खाली बसून डोलत होते आणि केस सुटले होते.

आमच्या अकलेच्या कांद्यांना तेवढं पुरलं. काकूनं माझ्या कपाळाला कुंकू फासलं. भाजल्यासारखं झालं. पाच-सहा जणींनी पाय धरले. "आई माउली, काय चुकलं आमचं?"

कसाबसा एक शब्द निघाला, "बंद."

डीजे तत्काळ बंद. सकाळपासून मी मागत होते ते मला मिळालं नाही, देवीला मिळालं. इतकी किळस मला कधीच कुणाची आली नव्हती.

शांततेत हळूहळू माणसं दिसायला लागली. बायका बाजूला सरकल्या, पण एकीचं डोकं माझ्या पायांवरच होतं. आई होती ती.

"आई, मीच हाय गं," मी म्हणाले.

तिनं डोकं उचललं नाही. माझे पाय घट्ट धरून म्हणाली, "माउली, माझी पोरगी कवा बरी व्हईल?"