आत्याची दाद

मैफल सुरू होण्याआधी वाद्यं जुळवली जातात, तो नाद मला कित्येकदा मैफलीहूनही प्रिय वाटतो. त्यात राग नसतो, शब्द नसतात. असते ती एका स्वराभोवती गोळा होण्याची धडपड. गेल्या माघात, इथे काशीतल्या एका थंडगार सभागृहात, युरोपातून आलेल्या पंधरा-वीस वादकांनी असाच एक स्वर धरला, तेव्हा शेजारी बसलेली माझी आत्या माझ्याकडे झुकून म्हणाली, "ह्यांचाही जीव आधी जुळवण्यातच अडकतो बरं का."

आत्या दुर्गाघाटावर माझ्याजवळच राहते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्यात तिची सारी उमर गेली. मला वाचायला शाळेने शिकवलं. ऐकायला शिकवलं ते आत्याने. गाणं कळत नसलं तरी चालेल, पण पोहोचलं की सांगावं, हा तिचा पहिला धडा. काशीत श्रोता ही मैफलीची अर्धी बाजू असते. गवयाने एखादी नाजूक जागा घ्यावी आणि समोरून हूं की चूं होऊ नये, म्हणजे रांधणाऱ्याच्या पुढ्यात मुकाट्याने जेवून उठण्यासारखंच. दाद म्हणजे स्तुती थोडीच असते? तुझं माझ्यापर्यंत आलं, एवढीच ती पोच.

त्या परक्या संगीताची रीत मात्र निराळी. तिथे नि:शब्दता हीच पोच. दोन गीतांच्या मध्ये कृपा करून टाळ्या वाजवू नका, असं निवेदिकेने सुरुवातीलाच सांगितलं. आत्याने विचारलं, "टाळीच ना फक्त?" मी बेफिकिरीने हो म्हटलं. माझं लक्ष पुढच्या रांगेकडे होतं. तिथे माझ्या कॉलेजातली मंडळी बसली होती, आणि या संगीतातलं मला बरंच कळतं, असा त्यांचा समज मीच करून दिला होता.

गीतं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, जर्मन भाषेतली. निरोपाची, सांजवेळेची, अरण्यात एकट्याने चालण्याची. आधी एक उंच गृहस्थ गायले. मग खालच्या पट्टीच्या भरदार आवाजाची एक मध्यमवयीन बाई उभी राहिली. "गळा तैयार आहे हिचा," आत्या पुटपुटली. तिला भाषा कळत नव्हती, ताल सापडत नव्हता, सम कुठे आहे हे शोधता शोधता तिची बोटं शालीखाली थकली असतील. तरीही ती पुढे सरकून, मान किंचित तिरकी करून, सर्वांगाने ऐकत होती.

तिसऱ्या गीताच्या अखेरीस सारी वाद्यं एकेक करून थांबली. उरला फक्त त्या बाईचा स्वर. तो तिने इतका बारीक करत नेला की तो संपला की अजून आहे, हेच उमगेना. आणि त्या अथांग शांततेत, वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात अजून हवेतच असताना, आत्याचा घोगरा, तृप्त आवाज उमटला, "अहाहा, क्या बात है!"

माना वळल्या. कुणीतरी हसलं. मी तिचं मनगट घट्ट दाबलं आणि म्हणाले, "चुप रहिए ना, सब देख रहे हैं."

घरी आम्ही मराठीशिवाय बोलत नाही. मग ते वाक्य हिंदीत का आलं? कारण ते आत्यासाठी नव्हतंच. पुढच्या रांगेला ऐकू जावं, मी तुमच्यातली आहे, हिच्यातली नव्हे, हे कळावं, म्हणून ते होतं. हे मला त्याच क्षणी समजलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण असतं तर लाज थोडी कमी वाटली असती.

आत्याने उरलेली सगळी गीतं पाठ टेकून ऐकली. परतताना ई-रिक्षात तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "त्या बाईला त्रास झाला असेल का गं? तिचा स्वर मोडला असेल माझ्यामुळे." मी नाही म्हटलं. क्षमा मागण्याचे शब्द ओठांपर्यंत आले, पण रिक्षा मैदागिनच्या चौकात पोहोचली, उतरावं लागलं, आणि गल्लीच्या गर्दीत आम्ही पुढेमागे चालू लागलो. माणूस किती सहजपणे गर्दीची सबब पुढे करतो!

फाल्गुनात ब्रह्माघाटावर ओळखीच्या एका घरी बैठक होती. गाणारी नवखी होती, पण जीव ओतून गात होती. घर आपलं, माणसं आपली, संगीत आपलं. तिने वरच्या षड्जाला हलकेच स्पर्श करून अशी काही जागा घेतली की साऱ्या खोलीतून "वाह" उठलं. आत्याचाही हात उचलला गेला, ओठ उघडले. आणि ती थांबली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

जिने मला ऐकायला शिकवलं, ती मला विचारत होती, चालेल ना?

मी घाईघाईने मान हलवली. पण गाणारी तोवर पुढे निघून गेली होती, आणि आत्याने हात मांडीवर ठेवला होता.