तडा ऐकणारी माणसं

लोखंडाची पावडर आणि किस्से, दोन्हींचं सारखंच. कितीही झाडा, कुठेतरी उरतातच. ओझरच्या रस्त्याला आमची शेड आहे. तिथे आम्ही लोखंडात दुसरे धातू मिसळून वितळवतो, त्या रसाच्या धारेवर जोराने गॅस मारतो आणि तिची बारीक पावडर करतो. मग प्रिंटर ती पावडर थरावर थर पसरतो, लेझरने वितळवतो, आणि पाहिजे तो पार्ट तयार होतो. अडचण एवढीच की पार्ट गार होताना तडकतो. न तडकणारी पावडर शोधणं, हेच आमचं काम.

आम्ही म्हणजे तिघं. मिश्रण ठरवणाऱ्या इंगळे मॅडम, पीएचडी झालेल्या, पण वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. भट्टी सांभाळणारे येडगावचे दत्ताभाऊ, आता रिटायर व्हायला आलेले. आणि मी. माहेर आणि सासर दोन्ही आणे गावातलं, काम प्रिंटरवर आणि तपासणीचं.

माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात लोह कमी आहे, गोळ्या घ्या. त्याच संध्याकाळी मी घरी आले आणि ओढणी झटकली. सासूबाई लादीवरच्या करड्या रेघेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "घरभर लोह सांडलंय, आन् मी गोळ्या गिळतीये."

*

दत्ताभाऊंच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडील अजून खणखणीत. लेक नेमकं काय करतो ते बघायला एकदा शेडवर आले. दत्ताभाऊंनी मोठ्या अभिमानाने पावडरची बाटली त्यांच्या हातात दिली.

"राख हाय जणू," म्हातारा म्हणाला. मग बाटली तळहातावर तोलली. "राख नाय. लई जड हाय."

"लोखंड हाय, आबा. वितळवून त्याचं पीठ केलंय."

"आन् या पिठाचं काय करणार?"

"परत वितळवून लोखंडच करायचं."

म्हाताऱ्याने बाटली परत दिली आणि हळूच म्हणाला, "मग मोडलं कशाला, बाबा?"

मॅडम खुर्चीत बसून हसता हसता रडल्या. पण म्हाताऱ्याने येडगावात जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझा लेक लोखंड दळतो. आता तिथले लोक दत्ताभाऊंना विचारतात, "काय राव, गिरण चालू हाय ना?"

*

पार्ट तडकतो तेव्हा आवाज येतो. बारीक, 'टिक्' असा. प्रिंटरमधून बाहेर काढल्यावर तासाभराने येतो, कधी जेवणाच्या सुट्टीत. म्हणून पार्ट गार होत असला की शेडमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. पंखासुद्धा बंद.

एकदा अशाच वेळी चाकणच्या एका कारखान्याचे साहेब आले. दारातूनच "नमस्कार, नमस्कार" सुरू. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. साहेब जागीच थांबले. आत टेबलावर कापडाखाली काहीतरी झाकलेलं, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाळ आहे का?"

मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "हो. आत्ताच डोळा लागलाय."

साहेब चवड्यांवर चालत परत गेले. पुढच्या खेपेला येताना त्यांच्या बायकोने पाठवलेलं झबलं घेऊन आले. खरं काय ते कळल्यावर बिचारे लाजून लाल झाले. मॅडमनी झबलं परत केलं नाही. कपाटात घडी घालून ठेवलंय.

*

मॅडम एकट्याच खोली घेऊन राहतात. डब्यात रोज ब्रेड. सासूबाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "रविवारी घिऊन ये तिला. भाकरी शिकवते."

मॅडम दत्ताभाऊंसोबत आण्याला आल्या, परातीपुढे बसल्या. पहिली भाकरी थापली, कडेने तडकली. दुसरीही तडकली. मी आणि दत्ताभाऊ एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गार पाण्यानं नको मळू. चांगलं कढत घे."

मॅडमनी कढत पाणी घेतलं, हात पिठात घातला आणि एकदम थबकल्या. डोळे मोठे झाले. आम्हाला वाटलं, झालं, सापडलं उत्तर. दत्ताभाऊ अर्धे उठलेच.

"मॅडम, काय सुचलं?" मी विचारलं.

"काही नाही गं. हात भाजला."

सासूबाईंनी त्यांच्या बोटांना तूप लावलं आणि पुढच्या भाकरीचे घास स्वतः भरवले.

*

मध्यंतरी शेडचे मालक वैतागले होते. तडकलेल्या पार्टांनी एक कपाट भरलं होतं. बाहेरून तयार पावडर आणू, हा शोध थांबवू, असं सांगायला ते मुद्दाम आले. दारात उभे राहिले तर मॅडम अंगात ताप असताना, तोंडाला मास्क लावून, पावडर चाळत बसलेल्या.

मालकांनी घसा खाकरला. मॅडमनी वर बघितलं.

"चाळणी चांगली आहे," मालक म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. जाताना वॉचमनला सांगून गेले, मॅडमना डॉक्टरकडे ने.

*

आणि हा एक.

दत्ताभाऊंना ऐकायला कमी येतं. समोरासमोर बोललेलं कळतं, पण पार्टाचा तो बारीक 'टिक्' त्यांना कधीच ऐकू आला नाही. एकदा मी विचारलं, मग तडकलेलं तुम्हाला कळतं कसं? म्हणाले, "मॅडमचं तोंड बघतो ना. तोंड उतरलं की समजायचं, गेलं."

त्या दिवशी नव्या मिश्रणाचा पार्ट टेबलावर होता. दुपार टळली, आवाज आला नाही. मी त्याला लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी फवारणी केली. तडा असेल तर त्यातला रंग वर येतो आणि लाल रेघ दिसते. मी भिंग घेऊन सगळीकडून बघितलं. परत बघितलं. मग मॅडमच्या कानात सांगितलं, "एकही रेघ नाही."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि तोंड झाकून रडायला लागल्या.

दत्ताभाऊ भट्टीपाशी होते. त्यांनी तिथून बघितलं. हातमोजे काढले, तळहात पँटला पुसले आणि सावकाश चालत आले. एवढ्या वर्षांत त्यांनी 'मॅडम'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्यांनी मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको रडू, पोरी. उद्या परत वितळवू. लोखंड कुठं पळून चाललंय?"

मी सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी खाली मान घालूनच माझा हात घट्ट धरला आणि मला थांबवलं.