कानबाईचं न दळलेलं दळण

ती घटना मला आठवते असं म्हणण्यापेक्षा दिसते, असं म्हणणं बरोबर ठरेल. दुपारी डोळा लागला की श्रावणातलं ते गाव समोर येतं. कोवळं ऊन, कपाशीत साचलेलं पाणी आणि गिरणीच्या दारातून उडणारं पीठ. माणसं ओठ हलवतात, आवाज मात्र येत नाही.

एरंडोलकडचं ते गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. श्रावणात एका रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवस मावळताना, एक विधवा बाई धाकट्या मुलीला घेऊन, सहा वर्षांचा मुलगा हरवल्याची तक्रार घेऊन आली. पहाटेच ती निंदणीला गेली होती, तेव्हा पोरगा झोपलेला होता. रविवारी तो नाल्याकाठच्या झुडपात सापडला. गळा दाबला होता. पंचनामा मी स्वतः लिहिला.

घरात सासरा, सासू, थोरला दीर आणि जाऊ. चौघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. पोरगा दुपारी अंगणात खेळत होता, हे चौघांनी एकाच शब्दांत सांगितलं. खरं बोलणारी माणसं इतकी एकसारखी बोलत नाहीत. पण नुसत्या शंकेवर अटक होत नाही.

खबर दिली गिरणीवाल्याने. माणूस बोलका. अशाला दरडावायचं नसतं, चहा पाजायचा असतो. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू दळायला तो गिरणी धुऊन ठेवतो, त्या दिवशी दुसरं दळण घेत नाही. त्या घराबद्दल तो सहज म्हणाला, "सायेब, त्यासना गहू शनवारे सकायलेच वापस लई ग्यात. मी गिरनी धुईसन बठेल व्हतू."

मी पुन्हा जबाब घेतले. पोराबद्दल एक अक्षरही विचारलं नाही, फक्त गव्हाबद्दल विचारलं. जाऊ म्हणाली, वीज गेली होती. सासू म्हणाली, गव्हात खडे निघाले. दीर म्हणाला, मला काही माहीत नाही. सासऱ्याला गावात सगळे नाना म्हणत. ते वैतागून बोलून गेले, "मीच वापस बलावात. सुतकमा देवीना रोट कोनी दळस का?"

"नाना, सुतक तर रविवारी कळलं. गहू शनिवारी सकाळीच परत आले."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. देवीला फसवायची त्यांची हिंमत झाली नव्हती. मला फसवताना मात्र काही वाटलं नाही, याचा मला फार राग आला.

बापामागे शेतात त्या पोराचा हिस्सा होता. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, आणि पोलिसांपुढचं असं बोलणं कोर्टात टिकत नाही. वर्षभरात नाना वारले. गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न होत नाही, असा अहवाल मीच सही करून पाठवला.

त्याच आठवड्यात पोराची आई धाकट्या मुलीला कडेवर घेऊन ठाण्यात आली. समोरच्या बाकावर बसली नाही.

"सायेब, नाव नका सांगू. हाई पोरले लिसन त्या घरमा ऱ्हावू का नही, इतलंच सांगा."

संशयावरून असं काही सांगायचा मला अधिकार नव्हता. बाहेर पावसात ऊन पडलं होतं. मुलगी माझ्या टेबलावरच्या शिक्क्याकडे टक लावून बघत होती.

"ताई, राहू नका," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि घरी न जाता ती थेट धुळ्याच्या गाडीत बसली. तिथे तिचा भाऊ राहतो.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. गुन्ह्याबद्दल काय बोलायचं ते लोक घोकून येतात, घरातल्या रोजच्या कामांबद्दल घोकत नाहीत. पुढे बऱ्याच तपासांत मला ते उपयोगी पडलं. या तपासात मात्र आरोपी हाती लागला नाही आणि आता लागणारही नाही. पोरगा गेला तो गेलाच. मुलगी यंदा बारावीला आहे.