सोलापूरकरांचे उलटे मेंदू

समस्त सोलापूरकरहो, काळीज घट्ट करून ऐका: आपले मेंदू उलटे आहेत! हा निकाल बाहेरून आलेल्या एका संशोधकाने भर सभागृहात दिला. बहुतेक माणसांच्या मेंदूचा कानाजवळचा घड्यांचा भाग डावीकडे मोठा असतो. आमचा म्हणे उजवीकडे. वर्षभर आमची डोकी एमआरआयच्या यंत्रात सरकवून त्याने या घड्या मोजल्या होत्या, आणि आता हा शोध परदेशी परिषदेत मिरवणार होता. आमच्याकडे तो इतक्या किवेने बघत होता, की मलाच त्याची कीव आली. मेंदू मोजणाऱ्याने स्वतःचा वापरावा, असा नियम थोडाच आहे!

कुणीतरी विचारलं, "चित्रात उजवी बाजू ओळखता कशी?"

"सोपं आहे. उजव्या कानावर ही तेलाची कॅप्सूल चिकटवतो. चित्रात पांढरा ठिपका उमटतो."

प्रात्यक्षिकाला होटगीची माझी मावशी व्यासपीठावर गेली. तिचंही डोकं त्याने मोजलं होतं. तिच्यासमोर उभं राहून त्याने ऐटीत आपल्या उजव्या हाताकडच्या कानावर कॅप्सूल चिकटवली.

"अगदी अशीच, प्रत्येकाला!"

मावशीने कान चाचपला.

"अवो सायेब, ह्यो माजा डावा कान हाय की!"