शरयूताईंनी आधी आम्हाला दाखवलं

शरयूताई पहिल्यांदा आमच्या मुलुंडच्या इमारतीत आल्या, तेव्हा सातव्या मजल्यावर दम खात उभ्या होत्या. मला वाटलं, मतं मागायला आल्या. मी म्हटलं, "बाई, लिफ्ट बंद आहे. मतासाठी खालीच थांबायचं, आम्ही उतरतोच की." त्या हसल्या आणि पाणी मागितलं. जेवणाची वेळ होती, म्हणून मी कुळथाची पिठी आणि भातही वाढला. आम्ही कोकणातली माणसं, नुसतं पाणी देऊन कोणाला परत पाठवत नाही. असो.

या ताईंना आता साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचे विद्यार्थी, मित्र, मोठमोठी माणसं त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात लिहिणार. मिठागरातल्या कामगारांवर, गटारात उतरणाऱ्यांवर त्यांनी डॉक्युमेंट्री केल्या. त्यातल्या एका डॉक्युमेंट्रीचा खेळ अंधेरीला कोणी बंद पाडला, तेव्हा त्या पोलीस चौकीत बसून राहिल्या. ते तुम्हाला जास्त ठाऊक. मला ठाऊक आहे तो आमच्या इमारतीच्या बालवाडीतला एक रविवार.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपड्या पाडून आम्हाला या इमारतीत आणलं. लिफ्ट बंद पडली ती पडलीच. सोसायटीचा चेअरमन तळमजल्यावर राहतो, त्याला काय. आमच्या ह्यांना धाप लागली, तेव्हा माझ्या मुलाने, प्रकाशने, शेजाऱ्यांना घेऊन त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावर हे गेले. हे सगळं मी ताईंच्या कॅमेऱ्यापुढे बोलले, चेअरमनचं नाव घेऊन. ताईंनी कितीतरी फेऱ्यांत कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता. मी "आता काढा" म्हटल्यावर काढला.

ताईंचा एक रिवाज आहे. सिनेमा बाहेर दाखवायच्या आधी तो ज्यांचा आहे त्यांना दाखवतात, आणि ज्याला नको वाटेल त्याचं बोलणं काढून टाकतात. तशी त्या रविवारी बालवाडीत पडदा म्हणून चादर लावली, खिडक्या झाकल्या. चेअरमनची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. आमची खोली अजून ह्यांच्याच नावावर होती. प्रकाशच्या नावावर करायची तर चेअरमनची सही लागणार. आदल्याच दिवशी तो प्रकाशला म्हणाला होता, "तुझी आई लय बोलते म्हणे. मग सही कोणाकडे मागशील?"

सिनेमा संपला. ताईंनी विचारलं, "कोणाचं काही काढायचंय?"

प्रकाशने हात वर केला. "आईचं काढा."

माझं बोलणं गेलं तर त्या सिनेमात राहतं काय? वर्षभर ताई ते जिने चढल्या होत्या. तरी त्या म्हणाल्या, "काढीन, प्रकाश. पण बोलणं आजींचं आहे, त्यांनी सांगू दे." मग माझ्याजवळ येऊन बसल्या. "आजी, काढलंत तरी मी राग धरणार नाही. माझं येणं-जाणं राहील."

प्रकाश म्हणाला, "आये, खोली जाईल गो. पोरांना घेऊन कुठे जाऊ?"

दारातला एक बोलला, "सांग ना आजी, काढा म्हणून. म्हातारपणी कशाला लफडी?"

मी प्रकाशला म्हटलं, "खुर्ची तूच धरली होतीस. मी गप्प बसले तर तू सांगशील काय रे?"

मग त्याने हात खाली घेतला. मी ताईंना म्हटलं, "राहू दे."

सिनेमा गावोगावी दाखवला गेला आणि लिफ्ट सुरू झाली. चेअरमन म्हणतो, त्यानेच केली. म्हणू दे. सही मात्र त्याने अजून दिली नाही. खोलीची तक्रार सरकारी कचेरीत आहे आणि सुनावणीच्या दर तारखेला ताई डबा घेऊन प्रकाशच्या शेजारी बाकावर बसतात. एकदा तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं इथे काय काम?" ताई म्हणाल्या, "काही नाही. यांच्या सोबत आहे." तेव्हापासून प्रकाशला कोणी "उद्या या" म्हणून परत पाठवत नाही. तो आता मला म्हणतो, "आये, काढलं नाहीस ते बरं केलंस." खोलीचं काय होईल ते अजून कोणालाच माहीत नाही, तरी म्हणतो.

पुढची तारीख जवळ आली आहे. ताईंनी यायचं कबूल केलंय, प्रकाश त्यांना स्वतःच्या रिक्षातून नेणार. देवाने आमच्या कचेरीतल्या तारखा लवकर संपवाव्यात आणि त्यातून उरलेले सगळे दिवस, धडधाकट गुडघ्यांसकट, शरयूताईंच्या आयुष्याला जोडावेत.